बांधावरच्या बाभळीसाठी कटर: 58 सीसी की 32 सीसी?

प्रश्न: आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मोहोळ तालुक्यात चार एकर शेत आहे. बांधावर बाभळी आणि कडुनिंब, विहिरीच्या कडेला सुबाभूळ. मनगटाएवढ्या फांद्यांपासून फूटभर जाड खोडापर्यंत सगळं आहे. वर्षातून तीन-चार वेळा तोडणी करावी लागते, पण कटरवाले एवढ्याशा कामाला येत नाहीत. म्हणून स्वतःचं चेनवालं कटर (चेन सॉ) घ्यायचं ठरवलंय. ऑनलाइन 58 सीसीचं, 22 इंच पट्टीचं (जिच्याभोवती चेन फिरते ती पट्टी) पेट्रोल कटर साडेसहा हजारांत दिसतंय. इथला दुकानदार 32 सीसीचं, 16 इंची, त्याच्या जवळपास तिप्पट किमतीचं दाखवतो. मुलगा म्हणतो लाइटवरचं घ्या, जावईबापू म्हणतात बॅटरीचं. माझं वय 61. कटर आजवर हातात धरलेलं नाही. काय घेऊ?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर:

नमस्कार.

दुकानदाराचं ऐका. तुमच्या कामाला 30 ते 38 सीसीचं, 14 किंवा 16 इंच पट्टीचं पेट्रोल कटर पुरतं. अट एकच, ते मशीन उघडून दुरुस्त करणारा माणूस आणि त्याचे पार्ट सोलापुरातच मिळायला हवेत. वर्षातून तीन-चारदा वापरायचं कटर कापून कापून झिजत नाही. ते पडून पडून बिघडतं. म्हणून ताकदीच्या आधी दुरुस्तीची चौकशी करा.

58 सीसीचं एवढं स्वस्त कसं, हे आधी बघू. या मशीनच्या स्टिकरवरचा सीसीचा आकडा आणि आतल्या सिलिंडरचं माप नेहमी जुळतंच असं नाही. पण ते जुळलं असं धरलं, तरी पट्टी, तेल आणि पेट्रोल धरून ते 7 किलोच्या आसपास जातं. त्यात 22 इंचाची पट्टी म्हणजे सगळं वजन हातापासून लांब. नवख्या माणसाचे हात पंधरा मिनिटांत भरून येतात, आणि थकल्या हातातच टोक खाली झुकून मातीत नाहीतर शेजारच्या फांदीत घुसतं. फूटभर खोडाला 16 इंच पट्टी सरळ पार जाते. एखादं त्याहून जाड निघालं तर दोन्ही बाजूंनी कापता येतं. बिघाड म्हणाल, तर स्वस्त मशीनमध्ये ठरलेल्या जागीच होतात: स्टार्टरची स्प्रिंग तुटते, ऑईल पंपाचा प्लास्टिकचा गिअर झिजून चेन कोरडी फिरू लागते, आणि सोबत आलेली चेन इतकी मऊ असते की वाळल्या बाभळीवर दुसऱ्या-तिसऱ्या खोडालाच बोथट होते. या मशीनचे पार्ट स्वस्त असतात आणि बऱ्याच ठिकाणी मिळतात, हे मात्र मान्य करायला हवं. ज्याला स्वतः कार्बोरेटर उघडता येतो त्याला ते परवडेल. तुम्ही त्यातले दिसत नाही.

दुकानदाराचं मशीन कोणत्या कंपनीचं ते तुम्ही लिहिलं नाही. या वर्गातली नेहमी दिसणारी दोन म्हणजे स्टिल (Stihl) कंपनीचं एमएस 180 (31.8 सीसी, पट्टी-चेन सोडून सुमारे 4 किलो) आणि हुस्कवर्नाचं 120 मार्क टू (38.2 सीसी, त्याहून किलोभर जड). दोन्ही घरगुती कामाची आहेत. दोन्हींतलं कोणतं, हा प्रश्न आमच्या मते गौण आहे. ज्याचं वर्कशॉप तुम्हाला जवळ, ते घ्या.

लाइटवरचं मशीन वाईट नाही. उलट जुळे सोलापुरातल्या घराच्या आवारात काम असतं तर आम्ही तेच सांगितलं असतं. बटण दाबलं की चालू, पेट्रोल शिळं व्हायचा प्रश्न नाही, आवाज कमी, वर्षभर पडलं तरी फरक नाही. अडचण तुमच्या शेताची आहे. शेतीच्या फिडरवर थ्री फेज पाळीप्रमाणे, कधी दिवसा तर कधी रात्री. आणि वस्तीवरच्या सिंगल फेजचा व्होल्टेज संध्याकाळी किती उतरतो हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. 1800 वॅटचं कटर 8 अँपिअरच्या आसपास ओढतं. बांधापर्यंत 50 मीटर वायर ओढायची आणि ती टेबलफॅनला लावतात तसली 0.75 स्क्वेअर एमएमची असेल, तर वायरमध्येच 20 व्होल्ट जातात. मुळात 190 येत असतील, तर मशीनला 170 मिळतात. मोटर लोडखाली गुंगते, तापते, वास येतो, आणि मग वाइंडिंग जळालं म्हणून दुकानदाराशी भांडण. तेच 2.5 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरमध्ये 6 व्होल्टच जातात. पुढेमागे कोणी लाइटवरचं घेतलंच, तर 2.5 ची वायर, 16 अँपिअरचा सॉकेट आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) या तीन गोष्टींचा खर्च मशीनच्या किमतीतच धरावा. वायर रीळावर गुंडाळलेली ठेवून चालवू नये, पूर्ण उलगडावी. गुंडाळीत ती तापते.

बॅटरीबाबत जावईबापूंचं अर्धं बरोबर आहे. चांगल्या कंपनीचं 36 व्होल्टचं बॅटरी कटर सुबाभूळ आणि हिरव्या फांद्या सहज कापतं. पण 36 व्होल्ट, 4 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 144 वॅट-अवर वीज मावते. खोडात घुसलेलं कटर सुमारे हजार वॅट खातं, म्हणजे प्रत्यक्ष कापणं आठ-नऊ मिनिटांचं. दुसरी बॅटरी घ्यायची तर बजेट कुठल्या कुठे जातं. शिवाय बहुतेक कंपन्या 40 अंशांच्या वर बॅटरी चार्ज करू नका असं सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ते जमायचं नाही, सकाळीच उरकावं लागतं. घरात त्याच कंपनीचं ड्रिल-ग्राइंडर आणि त्याच्या बॅटऱ्या आधीपासून असतील, तर मात्र हिशेब बदलतो. तेव्हा नुसतं मशीन घ्या आणि जाड खोडांना वर्षातून एकदा कटरवाला बोलवा.

ऑनलाइन दोन-अडीच हजारांत 6 ते 8 इंची छोटी बॅटरी कटर मिळतात, त्यांवर 48, 88 असे आकडे छापलेले असतात. ते व्होल्ट नव्हेत. आत 5 सेल असतात, म्हणजे पूर्ण चार्ज असताना 21 व्होल्ट. मनगटाएवढ्या फांदीपुरतं खेळणं ठीक आहे. पण तेवढ्या फांदीला चांगली हातकरवतही पुरते.

आता दुकानात काय बघायचं. मशीन खोक्यातून काढून तुमच्यासमोर थंड चालू करायला लावा. चालू झाल्यावर रेस सोडली की चेन थांबलीच पाहिजे. नुसत्या आयडलवर चेन सरकत असेल तर आयडल सेटिंग चुकलंय किंवा क्लच खराब आहे. मग रेस देऊन चेन फिरत असताना पुढच्या हँडलसमोरचा ढालीसारखा चेनब्रेक मनगटाने पुढे ढकला. चेन तत्क्षणी थांबली पाहिजे, हळूहळू नाही. पट्टीचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यापासून चार बोटं वर धरून अर्धा मिनिट रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली तर ऑईल पंप चालतोय. शेवटी दुकानदाराला विचारा: एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, स्टार्टरची दोरी आणि कार्बोरेटरचं डायफ्राम (रबरी पडद्याचं) किट आत्ता दुकानात आहे का? नुसतं ‘मिळेल की’ हे उत्तर नको, वस्तू काउंटरवर दाखवा म्हणावं. सिद्धेश्वर यात्रेच्या (गड्ड्याच्या) सुमारास होम मैदानावर कृषी प्रदर्शन भरतं, तिथे मशीन हाताळून वजन बघायला जरूर जा. पण विक्रेता बाहेरगावचा असेल तर खरेदी तिथे करू नका. फेब्रुवारीत दुरुस्तीला तो सापडायचा नाही.

घेताना जास्तीची एक चेन घ्या, आणि पट्टीच्या बुडाशी कोरलेले तीन आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा: पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर), गेज (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे त्या कड्यांची, संख्या. नुसती ‘16 इंची चेन द्या’ म्हटलं तर चुकीची पदरात पडते. स्टिलच्या 16 इंच पट्टीला थ्री-एट लो प्रोफाइलची (3/8 इंच पिचची, कमी उंचीची) 55 लिंकची चेन लागते, दुसऱ्या कंपनीच्या तेवढ्याच पट्टीला 56 किंवा 57 लिंक लागू शकतात. एका लिंकच्या फरकाने चेन बसत नाही किंवा ताण घेत नाही.

कधीतरी वापरायच्या पेट्रोल कटरचा खरा शत्रू टाकीत राहिलेलं पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पुरेसं पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर धरतात, आणि इंजिनाच्या वंगणासाठी पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-स्ट्रोक ऑईल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतली नळी तळाचं ओढते. म्हणजे इंजिनात वंगणाशिवायचं इंधन जातं आणि पिस्टनला ओरखडे पडतात. एवढं टोकाला गेलं नाही, तरी कार्बोरेटरमधला रबरी डायफ्राम ताठरतो आणि पुढच्या खेपेला दोरी ओढून खांदा भरून येतो. मशीन घेताना पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा किती दिलीय ते वाचून घ्या.

यावर उपाय साधा आहे. पेट्रोल आणि टू-स्ट्रोक ऑईलचं मिश्रण लागेल तेवढंच करा, एका वेळी एक लिटर. कंपनीने 50:1 सांगितलं असेल, तर लिटरला 20 मिली ऑईल. 25:1 सांगितलं असेल, तर 40 मिली. मेडिकलमधून 20 मिलीची सुई नसलेली सिरिंज आणा, अंदाजाचं काम राहत नाही. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करून हलवायचं, टाकीत नाही. ऑईल एअर-कूल्ड टू-स्ट्रोकचं, डब्यावर जेएएसओ एफडी (JASO FD, ऑईलचा दर्जा) लिहिलेलं, नाहीतर कंपनीचंच घ्या. कटरचं इंजिन मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं, जुन्या स्कूटरला चालायचं ते ऑईल इथे टिकत नाही. मिश्रण महिन्याच्या वर ठेवू नका. संध्याकाळी काम संपलं की टाकी कॅनमध्ये रिकामी करा आणि मशीन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. एवढं एक पथ्य पाळलंत तर निम्म्याहून जास्त दुरुस्त्या टळतात.

चालू करताना मशीन जमिनीवर, चेनब्रेक लावलेला, उजवा पाय मागच्या हँडलमध्ये, डावा हात पुढच्या हँडलवर. एका हातात लटकवून दुसऱ्याने दोरी ओढणारे व्हिडिओ विसरा. थंड मशीनला पूर्ण चोक; दोन-चार ओढींत एकदा ‘फट्’ असा आवाज येतो, तेव्हा लगेच चोक सोडून पुढची ओढ. तो आवाज कानाआड झाला आणि चोकवरच ओढत राहिलं की प्लग पेट्रोलने भिजतो. मग स्विच बंद करून प्लग काढा, पुसा, प्लगशिवाय सात-आठ वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल उडवा, पुन्हा बसवा. उन्हाळ्यात तापलेलं मशीन पेट्रोल भरून लगेच चालू होत नाही, अशी तक्रार आपल्याकडे नेहमीची. उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ धरते. सावलीत दहा मिनिटं ठेवा. तापल्या इंजिनावर पेट्रोल ओतायचंच नाही, हे त्यातच आलं.

चेनच्या ऑईलला वेगळी टाकी असते. पेट्रोलची एक टाकी संपते तेव्हा ऑईलचीही जवळपास संपायला हवी. ती भरलेली राहिली तर चेन कोरडी फिरतेय असं समजा. गॅरेजमधलं जळकं ऑईल फुकट मिळतं म्हणून त्यात घालू नका. त्यातल्या लोखंडाच्या कणांनी जाळी बंद होते आणि चेनवरून उडालेलं तेच ऑईल तुमच्या अंगावर येतं. चेन ऑईल मिळालं नाही, तर नवं 20डब्ल्यू-40 इंजिन ऑईल एखाद्या वेळी चालतं.

ताण थंड चेनवर तपासा. पट्टीचे नट सैल, टोक वर उचलून धरलेलं, स्क्रू फिरवत चेन खालच्या बाजूने पट्टीला टेकेपर्यंत, मग टोक तसंच धरून नट आवळा. हाताने ओढली तर चेन फिरली पाहिजे. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात ताणते, दोन-तीनदा आवळावी लागते. गरम असताना आवळलेली चेन काम संपल्यावर सैल करून ठेवा. थंड होताना ती आखडते आणि बेअरिंगवर ताण येतो.

धारेवर जरा थांबू, कारण ‘मशीनमध्ये दम नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा बोथट चेनची असते. धार असलेली चेन ढलप्या काढते. पिठासारखा भुसा पडायला लागला, धूर निघू लागला, किंवा कटर वरून दाबावं लागलं, की थांबायचं. थ्री-एट लो प्रोफाइलला 4 मिमीची गोल कानस लागते. पट्टी शिकंज्यात धरा, चेनब्रेक लावा. दाताच्या माथ्यावर 30 अंशांची रेघ कोरलेली असते, कानस तिला समांतर आणि आडवी धरा, तिचा पाचवा भाग दाताच्या वर दिसत राहावा. आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची, दाताला तीन-चार घास. आधी एका बाजूचे सगळे, मग पट्टी फिरवून दुसऱ्या बाजूचे. 55 लिंकच्या चेनला 27-28 दात असतात, पहिल्याला खूण करून सुरुवात करा. सगळ्यात आखूड दात शोधा आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणा. एका बाजूचे दात लांब राहिले तर कटर खोडात वाकडं जातं आणि माणूस पट्टी वाकली असं समजतो. चार-पाच वेळा धार लावून झाली की प्रत्येक दातापुढचा छोटा उंचवटा चपट्या कानसीने उतरवा. तो दाताच्या टोकापेक्षा 0.65 मिमी खाली हवा. त्याचं गेज स्वस्तात मिळतं. तो जास्त उतरवला तर चेन लाकडाला अधाशासारखी धरते आणि उसळी मारते.

बाभूळ हिरवी असतानाच कापा. वाळली की तीच चेन निम्म्या वेळेत बोथट होते. बुडाचा हातभर भाग मातीच्या शिंतोड्यांनी भरलेला असतो, तिथली साल आधी कुऱ्हाडीने काढून टाका. आणि बांधावरच्या झाडांना कधीकाळी ठोकलेली काटेरी तार सालीच्या आत गेलेली असते, कडुनिंबात खिळे असतात. खोडाला आडवा फुगवटा किंवा काळा डाग दिसला तर वीतभर वर-खाली सरकून कापा.

पट्टी लाकडात अडकते ती दाबामुळे. फांदी एका बाजूने लोंबकळत असेल तर आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. ओंडका दोन्ही टोकांवर टेकलेला आणि मधे पोकळ असेल तर उलट, आधी वरून एक तृतीयांश, मग खालून. अडकलीच तर मशीन बंद करून पाचर ठोका, रेस देऊन ओढू नका. पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला लागू द्यायचा नाही. उसळी तिथूनच येते आणि कटर क्षणात तोंडाकडे वळतं. डाव्या हाताचा अंगठा नेहमी हँडलच्या खालून गुंडाळलेला हवा. खांद्याच्या वर, शिडीवर किंवा झाडावर चढून कटर चालवायचं नाही, 61 व्या वर्षी तर नाहीच. जाळीचा हेल्मेट, कानाचं संरक्षण, पायात टणक बूट, आणि चेन अडवणारं पायांचं कापडी कवच यांचे पैसे वेगळे काढून ठेवा. धोतर, लुंगी, गळ्यातला पंचा यांना कटरजवळ जागा नाही. शेतात एकट्याने काम काढू नका, हाकेच्या अंतरावर कोणीतरी असू द्या.

परवानगीचं थोडक्यात. शहराच्या हद्दीत 1975 च्या कायद्याप्रमाणे आपल्या अंगणातलं झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शेतातल्या चिंच, आंबा, जांभूळ, साग अशा झाडांना 1964 चा वृक्षतोड कायदा लागू आहे. खोडाला हात लावण्याआधी तलाठ्याकडे किंवा वनखात्याकडे विचारून घ्या.

विहिरीच्या कडेचं सुबाभूळ मात्र तुम्ही कापू नका. उभं राहायला धड जागा नसते, आणि खोड विहिरीत गेलं तर मोटरच्या पाइपसकट जातं. ते दोर लावून ओढणाऱ्या माणसांचं काम, त्या एका झाडासाठी कटरवाल्याला पैसे द्या. बांधावरच्या एखाद्या फांदीवरून विजेची तार गेली असेल, तर महावितरणच्या वायरमनला सांगून लाइन बंद करून घ्या. डीपीचा फ्यूज स्वतः काढायला जाऊ नका.